पाणी हवेपेक्षा गरम

९ डिसेंबर १९३७

ही वही आज सुरू करायची नव्हती. पहिल्या पानावर इंजिन चालू झाल्याची तारीख लिहायची, असे ठरवले होते. पण आज जे झाले ते कुठेतरी लिहिलेच पाहिजे.

इंजिन माझ्याच हट्टाने आले. नागपूरहून बी.एस्सी. होऊन घरी आल्यापासून मी बाबांच्या मागे लागले होते. मोटेवर बैल आणि माणसे झिजवण्यापेक्षा तेलावरचे इंजिन आणि पंप घ्या, नदीचे पाणी थेट मळ्यात येईल, एका सकाळी सगळी मिरची आणि वांगी भिजतील. बाबांनी मानले. इंजिन येणार म्हणून मोटेची बैलजोडी तिवशाच्या काकांना देऊनही टाकली. आमच्या घरात बाबांच्या आधी कोणी सही करत नव्हते आणि माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. त्यामुळे माझ्या शब्दाला घरात नको तेवढे वजन आहे.

सामान पुलगावला आगगाडीतून उतरले आणि बैलगाड्यांनी वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर आले. अलीकडे आमचा मळा, कौंडण्यपूरच्या थोडा वर. मध्ये डोह. नावेच्या पहिल्या खेपेला इंजिन सुखरूप उतरले. दुसऱ्या खेपेला पंप होता आणि झडपा, बोल्ट वगैरेंची लाकडी पेटी होती. डोहाच्या मधोमध नाव कलली. माणसे पोहत काठाला लागली. पंप आणि पेटी गेली.

माझा थोरला भाऊ किसनदादा म्हणाला, "आता काय कराव?"

बाबांनी माझ्याकडे बोट केले. "ग्रॅज्वेटले इचार."

टोमणा नव्हता तो. ते खरेच विचारत होते.

११ डिसेंबर

आमच्या घाटावर नाव चालवणारे भोई आहेत. त्यांच्यात डोहाच्या तळापर्यंत बुडी मारणारा एकच, सूर्यभान. तिशीचा, सडपातळ, पोटाला चिमटा घ्यायला मांस नाही. पडलेले भांडे, गळालेला दागिना, बुडालेले माणूस, सगळे तोच काढतो. त्याची बायको तानुबाई काठावर बसून दोर धरते. दोन दोर असतात. एक बारीक, त्याच्या कमरेला बांधलेला. त्याचे टोक तानुबाईच्या हातात. त्याला ते जीवदोर म्हणतात. दुसरा जाड, ओझ्यासाठी. तो किसनदादा आणि गडी धरतात.

आज दिवसभर त्यांची रीत पाहिली. सूर्यभान चार बुड्या मारतो आणि बाहेर येतो. तानुबाई त्याला घोंगडीत गुंडाळते, छातीला जवसाचे तेल चोळते, गरम आंबील पाजते. पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, शेकोटी पेटलेली असते, पण त्याला एकदम जवळ बसू देत नाही. हळूहळू पुढे सरकवते. मग त्याच्याकडून घाटांची नावे म्हणून घेते. नदीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत नऊ घाट. वाघउतार, चिंचघाट, बामणडोह, कवठाचा उतार... लहान पोराने पाढा म्हणावा तसा तो म्हणतो. नववे नाव बरोबर आले तरच पुन्हा पाण्यात. एक जरी चुकले तर ती शेकोटीवर घागर उपडी करते आणि त्या दिवसाचे काम संपते.

"चुकला तर काय होते?" मी विचारले.

"नदीनं एक नाव ठेवून घेतलं," तानुबाई म्हणाली. "बाकीचे घेऊन घरी जाव. सगळेच कायले गमवाव?"

दिवसभरात वीस बुड्या झाल्या. त्यातही पाचव्या फेरीला सूर्यभान सातव्या घाटावर अडखळला आणि शेकोटी विझली. पंप नाही, पेटी नाही. खाली हाताला फक्त गाळ लागतो म्हणे. अशा चालीने महिना जाईल. तोवर मिरची वाळेल, आणि १ फेब्रुवारीला मला अमरावतीला मुलींच्या शाळेत रुजू व्हायचे आहे.

१२ डिसेंबर

पहाटे थर्मामीटर घेऊन घाटावर गेले. कॉलेजातून निघताना प्रोफेसरांनी भेट दिलेला, फॅरनहाइटचा. डोहावर वाफ होती. हवा ४६ अंश. पाणी ६६.

तळाचे पाणीही मोजले. बूच लावलेली बाटली दगड बांधून खाली सोडली, दोरीने बूच उपटले, भरल्यावर वर ओढली. ६३.

म्हणजे पाणी हवेपेक्षा वीस अंश गरम आहे! हात घातला तर सुखावतो. सूर्यभान पाण्यात कुडकुडत नाही. बाहेर वाऱ्यावर आला की कुडकुडतो. हे मी काल डोळ्यांनी पाहिले. मग ओल्या माणसाला दर चार बुड्यांनी गरम पाण्यातून थंड वाऱ्यात का आणायचे? उलट त्याने गळ्यापर्यंत पाण्यातच थांबावे, बांबूच्या तराफ्याला धरून दम घ्यावा आणि पुन्हा बुडी मारावी. इतकी साधी गोष्ट इतक्या पिढ्यांत कोणाच्या लक्षात आली नाही, कारण कोणी मोजलेच नाही.

१३ डिसेंबर

पेटी निघाली!

सकाळी सूर्यभानला थर्मामीटर दाखवला. तो हसायला लागला. "बाई, या काडीले इचारा ना, खाली मासे किती हायेत? दोन-चार संध्याकाळले घेऊन जातो." पण हवेत धरलेला पारा पाण्यात घातल्यावर सरसर चढताना पाहिला तेव्हा काडी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा बुडवून पाहिली. म्हणाला, "हाव, मले बी बाहेरच हुडहुडी भरते. खाली बरं वाटते."

तानुबाई मात्र अडून बसली. "तुह्या काडीले आंग हाये काय वं बाई? थे पान्यातून काढली का पुसून डब्बीत ठेवते तू. माह्या मानसाले कुठं ठेवू?"

मी तिला समजावले. पाणी कसे हळू थंड होते, हवा कशी लवकर. तिने सगळे ऐकले. शेवटी सूर्यभानच म्हणाला, "तानु, एक दिवस करू. शिकेल बाई सांगून राहिली."

तासभर तो पाण्यातच राहिला. तेवीस बुड्यांत पेटी सापडली. घाट म्हणायची वेळच आली नाही. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असे त्यांनी मी बी.एस्सी. झाले तेव्हाही केले नव्हते.

सूर्यभान बाहेर आल्यावर फार कापत होता. त्याला आंबिलीचे भांडे धरता येईना, तानुबाईने पाजले. बाहेरच्या हवेचा परिणाम. मी वहीत टिपून ठेवले.

१४ डिसेंबर

आज काम बंद. तानुबाई शेंगा घ्यायला आली होती. म्हणाली, तो झोपलाच नाही, अर्धी रात्र दात वाजत होते. मी म्हटले, थकवा असेल, तेवीस बुड्या म्हणजे थट्टा नाही. उद्या उतरण्याआधी लोकरीची बंडी घालायला सांगितली. किसनदादाची जुनी दिली.

तानुबाई उंबऱ्यापाशी थांबली. "बाई, उद्या घाट तरी म्हनून घेऊ दे."

"घे ना," मी म्हटले. "पण पाण्यातूनच म्हणू दे. बाहेर काढू नको."

१५ डिसेंबर

घाटावर बसून लिहिते. वेळा आणि नोंदी अशाच ठेवल्या तर पुढे एखादा लेख होईल.

७.२० उतरला. हवा ४५, पाणी ६५.

८.०० दहा बुड्या. थरथर बरीच. बाहेर यायचे का विचारले. नको म्हणाला.

८.४५ थरथर पूर्ण थांबली! शरीराने पाण्याशी जुळवून घेतले. रीत मोडायला धीर लागतो, एवढेच. तानुबाईलाही ऐकवले.

९.०५ पंप सापडला. जाड दोर घेऊन तीनदा खाली गेला, तिन्ही वेळा दोर मोकळा वर आला. "गाठ बसून नाही राहिली," म्हणतो. गाळात हात घसरत असतील. बोलणे संथ झाले आहे. काम करता करता माणूस शांत होतो.

९.२० तानुबाईने घाट म्हणायला लावले. वाघउतार, चिंचघाट, बामणडोह, कवठाचा उतार म्हणाला आणि एकदम शेवटच्यावर गेला. हसला. तिने घागर उचलली. मी तिचे मनगट धरले. म्हटले, तो चेष्टा करतोय गं, पंप हाताशी आलाय, एक गाठ मारायची राहिली आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि घागर खाली ठेवली.

९.४० "मले गरम होऊन राहिलं, बाई," म्हणाला आणि बंडी काढून तराफ्यावर टाकली. लोकर नकोशी व्हावी इतके गरम! विचारतो, "संध्याकाळ झाली काय?" फार थट्टेखोर आहे.

९.५० पुन्हा खाली गेला.

१९ डिसेंबर

जीवदोर हलला. तानुबाईने ओढायला सुरुवात केली. "लय जड लागून राहिला," म्हणाली. गडी धावले. सगळ्यांनी मिळून ओढला.

पंप आला.

जीवदोर पंपाच्या गळ्याभोवती होता. गाठ पक्की, सुबक, भोई मारतात तशी. त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडून पंपाला बांधला होता. जाड दोर तिथेच, त्याच्या हाताशी असणार.

तानुबाई पंपाला धरून उभी राहिली. बराच वेळ. तिला समजत नव्हते असे नाही. तिच्या हातात दुसरे काही नव्हते.

सूर्यभानचा चुलता जानराव, भोयांचा प्रमुख, म्हातारा आहे. बुड्या मारणे त्याने कधीच सोडले होते, तरी दुसऱ्या दिवशी तोच उतरला आणि त्याने सूर्यभानला काढले. तळाशी, गुडघे पोटाशी घेतलेला. चेहरा स्वस्थ होता असे किसनदादा म्हणतो. मी पाहिले नाही.

२४ डिसेंबर

पोलीस पाटलांनी 'दम तुटून बुडाला' असे लिहून नेले. मला फक्त किती वाजले होते ते विचारले. मी नऊ पन्नास सांगितले. पाटील म्हणाले, शिकलेला माणूस हजर असला की असे बरे पडते.

गावात वेगळे बोलतात. डोहात आसरा, पाण्यातल्या देवी, आहेत, त्यांनी माणूस ठेवून घेतला आणि लोखंड दिले. आसरा उगीच घेत नाहीत. तानुबाईने घाट पुरे म्हणून घेतले नाहीत, शेकोटी विझवली नाही. आणि आपल्या माणसाचे वजन तिला दोरावर कळले नाही. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी वाट सोडत नाहीत.

माझे नाव कोणी घेत नाही. उलट शेजारच्या गोदाबाई शिरा घेऊन आल्या. पोरीने डोळ्यांदेखत पाहिले, तिला दृष्ट लागली असेल म्हणून.

मी शिरा खाल्ला. तेही लिहून ठेवते.

२ जानेवारी १९३८

अमरावतीहून फिटर आला. पंप धुऊन, झडपा घालून त्याने इंजिनला जोडला. सगळा मळा गोळा झाला. आधी पाइपातून हवेचा सुस्कारा निघाला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. शकुनवहिनीने नारळ फोडला.

माझा हात सवयीने थर्मामीटरकडे गेला. पाइपाच्या तोंडाशी ६४. डोहातलेच पाणी. ते वांग्यांच्या वाफ्यात शिरले, वळून माझ्या पायांपर्यंत आले. मी पाय काढून घेतले.

रोज सकाळी नऊ पन्नासला माझ्या तळव्यात तानुबाईचे मनगट येते. आधी बांगड्या लागतात, मग हाड. घड्याळ पाहायची गरज पडत नाही. हात चुलीवर शेकले तरी जात नाही. शाळेत त्या वेळी दुसरा तास असेल.

५ जानेवारी

पहाटे डोहावर वाफ होती. वाफेत माणसाच्या डोक्याएवढे काळे काहीतरी तराफ्यापाशी स्थिर होते. मी काठापर्यंत गेले. पाणकोंबडी होती. भुर्रकन उडून गेली. परत येताना मी तीनदा मागे वळून पाहिले. शेवटच्या वेळी ते पुन्हा तिथे होते. मी मोजायला गेले नाही.

९ जानेवारी

वहिनीने बातमी आणली. तेवीस तारखेला भोयांचे पंच बसणार. तानुबाईला माहेरी धाडायचे, दोन्ही लेकरे जानरावाकडे घाटावर राहतील, तिने पुन्हा दोराला हात लावायचा नाही. लेकरे पाच आणि तीन वर्षांची आहेत.

"पंचांना सांगायला हवे," मी जेवताना म्हटले. "घागर मी उतरवायला लावली. पाण्यातच थांब, हेही मीच सांगितले."

बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "तूनं सांगतलं मनून थो मेला काय?"

"मला माहीत नाही."

"मालूम नाही तं कायले बोलते? उद्या शाळेत जाशीन तं लोक काय मनतीन, ह्याच बाईनं मानूस बुडवला?" थोडे थांबून म्हणाले, "इंजिन बी मीच आनलं ना. मंग मले बी ने पंचाइसमोर."

बाबा बरोबर बोलतात. मला खरेच माहीत नाही. पाणी हवेपेक्षा वीस अंश गरम होते. यात चूक कुठे आहे ते मला सापडत नाही. आणि खरे लिहायचे तर, ती सापडत नाही म्हणून रोज थोडे बरेही वाटते.

१६ जानेवारी

आज पाण्यात बसले. वहिनीला सोबत नेले. तिला काय करायचे ते सांगितले नाही. फक्त कमरेला दोर बांधून त्याचे टोक दिले आणि म्हटले, मी बोलावेन तेव्हा ओढ. ती म्हणाली, "डोक्यात काही शिरलं काय वं तुह्या? संक्रांत झाली तरी तीळ नाही चढले आंगात?" पण बसली.

तराफ्यावर पाटी ठेवली होती आणि तापाचा थर्मामीटर. पाटीवरचे जसेच्या तसे उतरवते.

७.१० हवा ४७, पाणी ६३. जिभेखाली ९८.

७.१५ उबदार. सुखद.

७.४० थरथर. बोटे आखडली. ९६.८

८.०५ थरथर फार. लिहवत नाही

८.३० थरथर थांबली. बरे वाटते. पारा ९५ च्या खुणेवर चढतच नाही. थर्मामीटर बिघडला

यानंतर पाटीवर दोन ओळी आहेत. त्या मी लिहिल्याचे मला आठवत नाही. अक्षर माझे आहे, पण ओळी उतरत्या, एकात एक.

गरम आहे

पदर काढा

वहिनी म्हणते, मी पदर सोडायला लागले आणि तराफ्याचा हात सोडला. तिने हाका मारल्या, मी फक्त हसले. मग तिने ओढले. दोराने जमेना तशी पाण्यात शिरून वेणी धरून ओढले. काठावर तिने मला चार थोबाडीत मारल्या म्हणे. दुपारपर्यंत मी पुन्हा कापत होते, आणि वहिनी सगळी घोंगडी माझ्यावर घालून स्वतः ओल्या लुगड्यात बसून रडत होती.

थर्मामीटर बिघडलेला नव्हता. संध्याकाळी वहिनीच्या तोंडात ठेवून पाहिला. अठ्ठ्याण्णव.

१७ जानेवारी

हात अजून नीट चालत नाही. तरी हे लिहायचेच.

मी पाण्याची तुलना हवेशी केली. ती सूर्यभानशी करायची होती. पाणी हवेपेक्षा वीस अंश गरम होते आणि त्याच्यापेक्षा बत्तीस अंश थंड. हवा अंगाला लागून निघून जाते. पाणी सगळीकडून धरून बसते आणि घेत राहते. थरथर थांबली तेव्हा शरीराने जुळवून घेतले नव्हते. थरथरायला त्याच्याकडे काही उरले नव्हते.

आणि घाट. डोके थंड पडायला लागले की सगळ्यात आधी क्रम जातो. हे मोजायला त्यांच्याकडे काच नव्हती, म्हणून त्यांनी नऊ नावे ठेवली होती. तानुबाई मोजत होती. त्या काठावर खरे मापन तीच करत होती.

वहिनीने बाबांना सगळे सांगितले. बाबा माझ्या खाटेपाशी आले, उभे राहिले, पाणी पिऊन गेले. इंजिन आज सुरू केले नाही.

२३ जानेवारी

घाटावरच्या चिंचेखाली पंच बसले होते. बाबा माझ्याबरोबर आले. भोयांच्या पंचात दुसऱ्याने बोलायचे नसते, तरी जानरावाने मला बोलू दिले. मी वही आणि पाटी दोन्ही नेली होती. पंधरा डिसेंबरचे पान वाचून दाखवले, वेळेसकट. 'फार थट्टेखोर आहे' हेही वाचले. मग पाटी वाचली. मग म्हटले, "आसरांनी नेले नाही. तानुबाईने सोडले नाही. तिने दोनदा अडवले. तिचा हात मी धरला."

जानराव पाटी उलटसुलट करून पाहत होता. त्याला वाचता येत नाही.

"म्हंजे आमच्या रीतीत काही खोट नोहती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मंग तूनं काहून मोडली?"

मी म्हटले, "मला ती खुळी वाटली."

मागून कोणीतरी म्हणाले, "पाह्य बाप्पा, एवढी शिकली तवा कुठं भोयाएवढी झाली." दोघे-तिघे हसले. जानरावाने हात वर केला आणि ते गप्प झाले.

तेव्हा तानुबाई उठली. तिला बोलवले नव्हते. ती पंचांकडे पाहून म्हणाली, "बाई खरं बोलून राहिली. पन दोर माह्या हातात होता. चार नावं आली अन् थो हसला, तवाच मले मालूम झालं का हा आता उरला नाही. घागर माह्या हातात होती. बाईच्या हातात जोर नाही ना, मी झटकली असती. पन मले वाटलं, शिकेल हाये, तिले जास्त मालूम असन." मग म्हणाली, "आता जे करायचं थे करा."

पंच उठून बाजूला गेले. परत आले तेव्हा उन्हे चिंचेच्या बुंध्यावर आली होती. जानराव म्हणाला, तानुबाई घाटावरच राहील, लेकरांसोबत. दोर तिच्याकडेच राहील. आणि यापुढे नदीत कोणीही उतरो, कोणाच्याही कामाला, घाट बाहेर काढूनच म्हणून घ्यायचे. माझ्याबद्दल काही ठरवले नाही. मी विचारले. तो म्हणाला, "तू आमच्यातली नाही. तुले आमी काय सांगाव?"

शिक्षा मिळाली असती तर बरे झाले असते.

बाबा पुढे निघाले. तानुबाई माझ्यामागून मळ्याच्या बांधापर्यंत आली. सूर्यभान गेल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच एकटी बोलली.

"बाई, तू शेवटपर्यंत गेलती ना त्या पान्यात? थो गेला तितकी?"

"जवळजवळ."

"मंग तुले मालूम असन. भेव वाटते काय?"

"नाही," मी म्हटले. "गरम वाटते. थंडी संपल्यासारखे वाटते. भीती नाही वाटत."

तिने मान हलवली. हे तिने मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिले असावे. मग माझ्याकडे न पाहता, नदीकडे पाहून विचारले, "मले हाक मारली असन काय त्यानं?"

मी म्हटले, "हो. मारली असेल. नक्की मारली असेल."

ती डोळे पुसून गेली. जाताना तिची चाल येतानापेक्षा हलकी होती.

पाण्यात असताना काठावर वहिनी आहे हे मला आठवत नव्हते. काठ आहे हेच आठवत नव्हते.